फॉरेन्सिक नर्स : अभ्यासक्रम आला, पद कधी?

बी.एस्सी. नर्सिंगच्या पाचव्या सत्रात आता एक छोटा विषय असतो : फॉरेन्सिक नर्सिंगची ओळख आणि भारतीय कायदे. क्रेडिट एक, तास वीस. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये सत्रनिहाय अभ्यासक्रम आणला, त्यातून हा विषय देशभरच्या नर्सिंग कॉलेजांत पोचला. त्याच सत्रात बालआरोग्य, मानसिक आरोग्य, सामुदायिक आरोग्य असे भारदस्त विषय असल्यामुळे तो पास होण्यापुरता वाचला जाण्याची भीती आहेच. तरी त्याचं येणं मोलाचं आहे. लैंगिक अत्याचारानंतर दवाखान्यात आलेल्या बाईला, मुलीला किंवा मुलाला बहुतेक वेळा आधी भेटते ती सिस्टर. त्या भेटीसाठी तिला वेगळं काही शिकवावं लागतं, हे आता अभ्यासक्रमानेच मान्य केलं आहे.

मात्र बारावी झालेल्या कोल्हापूरच्या एखाद्या मुलीने ‘मला हेच काम करायचंय, काय शिकू?’ असं विचारलं, तर सरळ उत्तर देणं अवघड जातं. अमेरिकेतली नर्स या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत देईल. आपल्याकडे शिक्षण आहे, पण ते तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं आहे. ते सगळे तुकडे गोळा करून एखादी तयार झालीच, तर तिला बसवायला रुग्णालयात त्या नावाची खुर्ची नाही. कायदा, अभ्यासक्रम, महाराष्ट्रातला अनुभव आणि कोल्हापुरात हाताशी असलेली साधनं एकत्र ठेवून पाहिली, की नेमकी अडचण कुठे आहे ते दिसतं.

काम नेमकं काय

रात्री अकराला कॅज्युअल्टीत सतरा वर्षांची मुलगी आईबरोबर आली आहे असं धरू. पोलिसांची ‘यादी’, म्हणजे तपासणीचं विनंतीपत्र, आणलेली नाही. २०१४ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार यादीसाठी तिला ताटकळत ठेवता येत नाही. सरळ रुग्णालयात आलेल्या व्यक्तीवरही उपचार आणि तपासणी व्हायला हवी. पहिलं काम म्हणजे तिला बाकावरून उठवून दार लागणाऱ्या खोलीत नेणं. दुसरं काम संमतीचं. तपासणीला होकार वेगळा, नमुने घेण्याला वेगळा, उपचारांना वेगळा. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणायची तिला मुभा आहे, आणि नकार दिला म्हणून औषधं थांबवता येत नाहीत. बारा वर्षांवरच्या मुलाची किंवा मुलीची स्वतःची संमती घ्यावी, असं याच सूचना सांगतात. ती अठराच्या आतली असल्यामुळे पोलिसांना कळवणं पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे, हेही तिला आणि आईला आधीच स्पष्ट सांगावं लागतं.

मग जमिनीवर कागदाचे दोन ताव एकावर एक अंथरायचे. तिने त्यावर उभं राहून, चादरीच्या आडोशाला, स्वतःच्या हाताने कपडे उतरवायचे. वरच्या तावावर पडलेला केस, माती, धागा तसाच ठेवून ताव घडी करून पाकिटात जातो. खालचा ताव फक्त फरशीचा संसर्ग लागू नये म्हणून असतो. प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत. प्लॅस्टिक चालत नाही, कारण ओल कोंडली की बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. स्वॅब सावलीत वाळवायचा, मग पाकीटबंद करायचा. पाकिटावर नाव, नोंद क्रमांक, शरीराचा भाग, तारीख, वेळ, सही आणि वर लाखेचं सील. शरीरावरचे नमुने घटनेनंतर ९६ तासांपर्यंत घेण्यात अर्थ असतो. तेवढ्यात अंघोळ केलेली असली, कपडे धुतलेले असले, तरी ‘आता काय उपयोग’ म्हणून परत पाठवायचं नाही.

उपचारही घड्याळाशी बांधलेले असतात. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळणारी गोळी जितकी लवकर तितकी चांगली, १२० तासांपर्यंत देता येते. धनुर्वात आणि ‘ब’ प्रकारच्या काविळीची लस, गर्भधारणेची तपासणी, जखमांवर उपचार, मग पुढच्या भेटीची तारीख. ही तारीख चुकली की २८ दिवसांचा कोर्स अर्ध्यावर सुटतो. त्यासाठी फोन करणारं, घरच्यांना संशय न येईल अशा बेताने विचारणारं कुणीतरी लागतं.

यात वैद्यकीय तपासणी आणि अभिप्राय एवढाच भाग डॉक्टरच्या खास हातातला आहे. बाकी जवळजवळ सगळं काम नर्सिंगच्या मूळ प्रकृतीचं आहे : विश्वास मिळवणं, क्रमाने करणं, वेळ लिहिणं, पाठपुरावा ठेवणं.

अमेरिकेत नर्स पुढे कशी आली

सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या इमर्जन्सी विभागांत अत्याचारित बाई तासन्‌तास बसून राहायची. अपघात, हृदयविकार हे रुग्ण आधी घेतले जायचे. डॉक्टरांना पुरावा गोळा करण्याचं शिक्षण नसायचं आणि पुढे कोर्टाच्या फेऱ्या नको असायच्या. ही उणीव नर्सेसनी भरून काढली. १९७६ मध्ये टेनेसी राज्यातल्या मेंफिसला, १९७७ मध्ये मिनियापोलिसला आणि १९७९ मध्ये टेक्सासच्या ॲमरिलोत पहिले कार्यक्रम सुरू झाले. त्याआधी बोस्टन सिटी हॉस्पिटलमध्ये ॲन बर्जेस या मनोरुग्ण परिचर्येतल्या तज्ज्ञ आणि लिंडा होमस्ट्रॉम या समाजशास्त्रज्ञ, अशा दोघींनी अत्याचारित स्त्रियांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या मानसिक आघाताचा अभ्यास केला होता. तो १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे या शाखेच्या पायाभरणीतच एक नर्स होती.

१९९२ मध्ये फॉरेन्सिक नर्सेसची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, १९९५ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने या शाखेला मान्यता दिली, आणि २००२ पासून प्रमाणपत्र परीक्षा सुरू झाली. आज तिथली वाट आखीव आहे. आधी नोंदणीकृत नर्स व्हायचं. मग प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांसाठी ४० तासांचं वर्गशिक्षण, किंवा लहान मुलांसह एकत्र ६४ तासांचं. त्यानंतर अनुभवी नर्सच्या हाताखाली प्रत्यक्ष काम. प्रमाणपत्र परीक्षेला बसायचं तर नर्स म्हणून दोन वर्षांचा अनुभव आणि गेल्या तीन वर्षांत या कामाचे ३०० तास दाखवावे लागतात.

इथे थांबून आकडे ताडून पाहावेत. वर्गातले तास चाळीस आणि कामाचे तीनशे. आपल्या अभ्यासक्रमातले वीस तास त्या चाळिसाच्या निम्मे आहेत, ही तफावत फार नाही. आपल्याकडे पाटी कोरी आहे ती तीनशेच्या रकान्यात.

इतर देशांनी आपापल्या गरजेने वाट काढली. ब्रिटनमध्ये १९८६ साली मँचेस्टरच्या सेंट मेरीज रुग्णालयात अशा रुग्णांसाठी पहिलं केंद्र निघालं, आणि आता तिथल्या केंद्रांत नर्सही तपासणी करतात. दक्षिण आफ्रिकेने २००० पासून उपचार, पोलीस आणि समुपदेशन एका छताखाली आणणारी ‘थुथुझेला’ केंद्रं उभी केली. डॉक्टर कमी असलेल्या त्या देशात प्रशिक्षित नर्सच्या तपासणीला स्थान मिळालं.

आपल्याकडे सही डॉक्टरची

भारतात कायद्याची भाषा वेगळी आहे. २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १६४-अ आलं. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते १८४ वं कलम आहे. त्यानुसार पीडित स्त्रीची तपासणी माहिती मिळाल्यापासून २४ तासांत, तिच्या संमतीने, ‘नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी’नेच करायची आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत डॉक्टरने सात दिवसांत अहवाल तपास अधिकाऱ्याकडे पाठवावा, अशी मुदतही घातली आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी म्हणजे वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत नाव असलेली व्यक्ती. एम.एस्सी. नर्सिंग, पीएच.डी., वीस वर्षांचा अनुभव, यातलं काहीही त्या सहीची जागा घेऊ शकत नाही.

मग कायद्यात नर्स दिसते कुठे? पोक्सोच्या २७ व्या कलमात मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरने करावी आणि आई-वडील किंवा मुलीच्या विश्वासातली व्यक्ती सोबत असावी, असं म्हटलं आहे. तशी व्यक्ती हजर राहू शकत नसेल, तर संस्थाप्रमुखाने नेमलेल्या स्त्रीसमोर तपासणी व्हावी. ही नेमलेली स्त्री बहुधा ड्युटीवरची सिस्टर असते. आरोग्य मंत्रालयाच्या सूचनांतही पुरुष डॉक्टर तपासत असेल तर स्त्री सहायक हजर हवी. थोडक्यात, आपल्या व्यवस्थेत नर्सला जागा आहे, पण ती उपस्थितीची. ज्ञानाची म्हणून जागा अजून दिलेली नाही.

कायद्याचा एक चांगला भागही सांगायला हवा. सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर तात्काळ आणि मोफत उपचार करणं बंधनकारक आहे. नकार दिला तर प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. म्हणजे गावातल्या वीस खाटांच्या नर्सिंग होमलाही या रुग्णापासून सुटका नाही. तिथे चोवीस तास जागेवर असते ती नर्स. डॉक्टर फोन केल्यावर येतात.

महाराष्ट्र काय शिकला

या प्रश्नाशी महाराष्ट्राचं नातं जुनं आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात घडलेलं, मथुरा या मुलीवरच्या अत्याचाराचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथे आरोपी सुटले, १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी खुलं पत्र लिहिलं, आणि त्यातून पेटलेल्या चळवळीमुळे १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या खटल्यात अंगावर जखमा नसणं आणि मुलीचा पूर्वेतिहास यांना नको तितकं वजन मिळालं. जखम नाही म्हणजे जबरदस्ती नाही, असा अर्थ काढायचा नसतो, हे आज वीस तासांच्या विषयात शिकवता येतं. ते न्यायव्यवस्थेच्या गळी उतरायला अनेक वर्षं गेली.

दुसरी घटना तर एका नर्सचीच. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. आरोपीला शिक्षा झाली ती खुनाचा प्रयत्न आणि चोरी यांबद्दल, सात वर्षांची. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नव्हता. १८ मे २०१५ रोजी त्यांचं निधन होईपर्यंत, जवळजवळ ४२ वर्षं, केईएमच्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची शुश्रूषा केली. सेवेचा असा दाखला दुसरा मिळणं कठीण. पण याच प्रकरणाने आणखी एक गोष्ट दाखवली. जे वेळेवर कागदावर आलं नाही, ते न्यायालयापुढे कधीच येत नाही.

२००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. हिंसाचार सोसलेल्या बाईला रुग्णालयातच मदत मिळावी, हा त्यामागचा विचार होता. पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रं निघाली. २००८ पासून सेहतने लैंगिक अत्याचाराच्या रुग्णांसाठी मुंबईतल्या काही रुग्णालयांत तपासणी, नोंद आणि उपचार यांची एकसंध पद्धत बसवली. विदर्भात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये या तपासण्यांच्या दर्जावर कडक अहवाल लिहिला. त्याच्या आधारे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली, आणि मे २०१३ मध्ये राज्य शासनाने नव्या सूचना काढल्या. कुख्यात ‘दोन बोटांची चाचणी’ सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आणि पुन्हा ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात निषिद्ध ठरवली. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून ‘कौमार्याच्या खुणा’ हा धडाच काढून टाकला.

या सगळ्या सुधारणा एकत्र पाहिल्या, की डॉक्टरांचं शिक्षण, डॉक्टरांचा नमुना अर्ज, डॉक्टरांचा अहवाल हाच त्यांचा रोख दिसतो. नर्सिंगची पाळी आली ती २०२१ मध्ये, आणि तीही वीस तासांपुरती.

बारावीनंतरच्या पायऱ्या

आता विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे. पायाभूत शिक्षणाचे दोन रस्ते आहेत. पहिला बी.एस्सी. नर्सिंगचा, चार वर्षांचा. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के, आणि राज्याची सीईटी. दुसरा जीएनएमचा, तीन वर्षांचा. इथे कला-वाणिज्य शाखेच्या मुलींनाही दार उघडं आहे, विज्ञानाला प्राधान्य असतं. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवी मिळवता येते. घरची ओढाताण असणाऱ्या अनेक मुली हाच रस्ता धरतात : आधी नोकरी, मग पदवी. पुढे करायचं काम फॉरेन्सिकचं असेल, तर रस्ता कुठलाही चालेल. दोन्हींच्या शेवटी महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी मात्र हवीच, कारण त्याशिवाय पुढचा कुठलाही कागद कामाचा नाही.

वीस तासांच्या विषयात हिंसाचाराचे प्रकार, पुरावा जपणं, पीडित व्यक्ती आणि तिच्या कुटुंबाची काळजी, न्यायव्यवस्थेची ओळख, पोक्सो असा ऐवज आहे. प्रादेशिक न्यायवैज्ञानिक प्रयोगशाळेला भेटही त्यात सुचवली आहे. ही भेट सहलीसारखी उरकू नये. प्रयोगशाळेतला माणूस ‘ओल्या पाकिटात आलेल्या स्वॅबचं आम्ही काय करणार?’ असं विचारतो, तेव्हा वाळवण्याचा नियम कायमचा डोक्यात बसतो.

पदवीनंतरची पायरी म्हणजे भारतीय परिचर्या परिषदेचा फॉरेन्सिक नर्सिंगचा पोस्ट बेसिक डिप्लोमा. वर्षभराचा, रुग्णालयात राहून काम करत शिकण्याचा. नोंदणीकृत नर्स आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव ही त्याची अट. आपल्या देशात या कामाच्या सर्वांत जवळ जाणारं अधिकृत शिक्षण हेच. प्रवेश घेण्याआधी संस्थेला त्या वर्षासाठी परिषदेची मान्यता आहे का, हे स्वतः तपासावं. कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नये.

एम.एस्सी. नर्सिंगच्या नेहमीच्या पाच शाखांत फॉरेन्सिक ही शाखा नाही. तरी निवड विचारपूर्वक करता येते. लहान मुलांबरोबर काम करायचं तर बालआरोग्य, बायकांच्या तपासणीत हात बसवायचा तर प्रसूती व स्त्रीरोग, आघातानंतरच्या महिन्या-वर्षांत सोबत करायची तर मनोरुग्ण परिचर्या. प्रबंधाचा विषय याच प्रश्नावरचा घेतला, तर दोन वर्षं सत्कारणी लागतात. मनोरुग्ण परिचर्या ही निवड मला सर्वांत दूरदृष्टीची वाटते. पुराव्याचं काम एका रात्रीत आटोपतं, पण झोप उडणं, शाळा सुटणं, नवऱ्याने टाकणं हे पुढे कितीतरी दिवस चालू राहतं.

दोन गैरसमज इथेच दूर करावेत. छत्रपती संभाजीनगर, नागपूर, मुंबई इथल्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थांत मिळणारी पदवी प्रयोगशाळेच्या कामाची आहे. ती घेऊन नर्स होता येत नाही, आणि नर्स होण्यासाठी तिची गरजही नाही. दुसरं, आठवड्याभराच्या ऑनलाइन कोर्सवर ‘सर्टिफाइड फॉरेन्सिक नर्स’ असा शिक्का देणाऱ्यांपासून जपावं. माहिती म्हणून असा कोर्स करायला हरकत नाही, परंतु परिषदेच्या मान्यतेशिवाय त्याला पदोन्नतीत किंवा कोर्टात किंमत नाही.

परदेशी जाऊ पाहणाऱ्या मुलींची वाट वेगळी. अमेरिकेत आधी तिथली नर्सिंग परवाना परीक्षा, मग दोन वर्षांचा अनुभव, मग वर सांगितलेले तास. आपल्या भागातल्या बऱ्याच मुली आखात, ब्रिटन, आयर्लंडकडे जातात. तिथे आयसीयू आणि इमर्जन्सीचा अनुभव लगेच विचारला जातो, फॉरेन्सिकचं नंतर बघता येतं. म्हणून इथली पहिली दोन वर्षं कॅज्युअल्टी किंवा लेबर रूममध्ये काढलेली बरी.

वर्गात न मिळणारं

या कामातली सर्वांत अवघड परीक्षा साक्षीच्या पिंजऱ्यात होते. बचाव पक्षाचा वकील नमुन्याच्या शास्त्रात शिरतोच असं नाही. तो वेळ विचारतो. ‘स्वॅब घेतला अकरा चाळीसला. सील केलं सव्वा वाजता. दरम्यान तो कुठे होता? खोलीला कुलूप होतं का? चावी कुणाकडे? पोलिसांना दिला तेव्हा पोचपावती घेतली का?’ उत्तर नीट नोंदलेलं असेल तर प्रश्न तिथेच संपतो. नसेल तर ‘मुद्देमालात फेरफार झाला असू शकतो’ हा संशय उभा राहतो, आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. मग रासायनिक विश्लेषकाचा सी.ए. रिपोर्ट कितीही ठाम असो, त्याची धार बोथट होते. वेळेनिशी नोंद ठेवणं हा नर्सच्या हाडीमासी खिळलेला भाग आहे. तापाचा तक्ता, सलाइनचा तक्ता, औषधांची वही ती दर पाळीला भरते. तीच शिस्त मुद्देमालाला लावायची. फक्त आपली नोंद कोर्टात वाचली जाणार आहे, हे तिला ठाऊक हवं.

दुसरी गोष्ट भाषेची. पीडितेने सांगितलेलं तिच्याच शब्दांत लिहायचं, सभ्य करून नाही. ‘वाईट काम केलं’ एवढंच ती म्हणाली, तर तेच अवतरणात लिहायचं आणि मग हळू आवाजात, तिला दोष न देता, पुढचं विचारायचं. ‘एवढ्या रात्री तिकडे कशाला गेलीस?’ हा प्रश्न घरात, ठाण्यात, गल्लीत तिला विचारला जातोच. दवाखान्यात तो यायला नको. आरोपी बहुतेक प्रकरणांत ओळखीचा असतो, कधी घरातलाच. त्यामुळे तक्रारीनंतर ती कुठे राहणार, हा प्रश्नही त्याच रात्री सोडवायचा असतो. प्रत्येक जिल्ह्यातलं ‘सखी’ केंद्र, १८१ आणि १०९८ या हेल्पलाइन, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळणारं ‘मनोधैर्य’ योजनेचं साहाय्य, चोवीस आठवड्यांपर्यंत गर्भपाताची कायदेशीर मुभा, ही माहिती सिस्टरच्या जिभेवर हवी.

तिसरी गोष्ट नर्सच्या स्वतःच्या मनाची. अशा चार केसेस लागोपाठ पाहिल्यावर झोप जाते, चिडचिड वाढते, स्वतःच्या मुलीला दाराबाहेर सोडवत नाही. या ताणाबद्दल बोलायची जागा आपल्या रुग्णालयांत बहुधा नसते.

कोल्हापुरात काय जुळून येतं

कोल्हापूरला या बाबतीत एक वारसा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्येच आपल्या संस्थानात स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता. कौटुंबिक हिंसाचाराचा केंद्रीय कायदा आला तो २००५ मध्ये. पण आज उपयोगी पडतील अशा संस्था हाताशी आहेत, म्हणून हे शहर महत्त्वाचं.

भाऊसिंगजी रस्त्यावरचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सगळ्यांचं सीपीआर, राजर्षी शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. त्यामुळे न्यायवैद्यक, स्त्रीरोग, बालरोग आणि मनोरुग्ण हे चारही विभाग एका संस्थेत आहेत. कसबा बावड्यात डॉ. डी. वाय. पाटील नर्सिंग कॉलेज आहे. पलीकडे मिरजेत, विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन रुग्णालयामुळे नर्सिंगची जुनी परंपरा आहे. प्रादेशिक न्यायवैज्ञानिक प्रयोगशाळा शहरातच असल्यामुळे नमुने पुण्या-मुंबईला पाठवायचं कारण कमी झालं. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे बसतं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. तपासणीची खोली, प्रयोगशाळा, जिल्हा न्यायालय आणि उच्च न्यायालय इतक्या जवळ असलेली शहरं महाराष्ट्रात थोडीच. शिवाय नव्या संहितेने सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी फॉरेन्सिक तज्ज्ञाची भेट बंधनकारक केली आहे. घटनास्थळाचा पुरावा काटेकोर होत जाईल, तशी रुग्णालयातल्या पुराव्याकडूनही तीच अपेक्षा होणार.

अडचण ड्युटीच्या तक्त्यात आहे. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आज कॅज्युअल्टीत, पुढच्या महिन्यात सर्जिकल वॉर्डात. परिसेविका चांगली शिकवून तयार करते आणि बदलीचा आदेश येतो. रात्रपाळीत एका सिस्टरच्या माथी अख्खा वॉर्ड असतो. अशा वेळी तीन तास एका मुलीपाशी बसायचं म्हणजे बाकीच्या रुग्णांना वाऱ्यावर सोडणं. नर्सला जादा अधिकार देण्याला विरोध करणारे हाच मुद्दा मांडतात, आणि तो रास्त आहे. पद, भत्ता आणि पर्यायी मनुष्यबळ न देता फक्त जबाबदारी वाढवली, तर ते आणखी एक ओझं होईल. डॉक्टरांचा आक्षेपही ऐकायला हवा : अहवालावर सही आमची असेल तर नमुना दुसऱ्याने कसा घ्यायचा? त्याला उत्तर आहे. दोघांची नावं, दोघांच्या वेळा आणि दोघांच्या सह्या एकाच नमुना अर्जावर ठेवता येतात. तपासणी आणि अभिप्राय डॉक्टरचा, मुद्देमालाचा सांभाळ आणि पाठपुरावा नर्सचा. एवढ्यासाठी संसदेत जायची गरज नाही.

नर्सचा अधिकार वाढवणं आपल्याकडे अशक्यही नाही. प्रसूतीच्या क्षेत्रात केंद्र सरकारने २०१८ मध्ये नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफचा मार्ग आखला. अठरा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन ती सामान्य बाळंतपण स्वतंत्रपणे हाताळते. बाळंतपणात जे जमलं, ते इथेही टप्प्याटप्प्याने जमेल. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसाविका आयोगाचा कायदा केला आहे. १८४ व्या कलमात प्रशिक्षित नर्सला स्थान देण्याची मागणी या आयोगाने पुढे न्यावी.

तोवर कोल्हापुरात एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. कॅज्युअल्टी, स्त्रीरोग आणि बालरोग विभागांतून इच्छुक अशा आठ-दहा परिचारिका निवडाव्यात. त्यांना निदान तीन वर्षं या कामावरून हलवू नये. वीस तासांच्या विषयाला जोडून चाळीस तासांचं प्रशिक्षण न्यायवैद्यक विभागाने द्यावं, त्यातले काही तास प्रयोगशाळेत आणि काही सरकारी वकिलांसमोर सरावाच्या उलटतपासणीत जावेत. महिन्यातून एकदा डॉक्टर, नर्स आणि प्रयोगशाळेने एकत्र बसून परत आलेले किंवा नाकारलेले नमुने तपासावेत. चंदगडच्या ग्रामीण रुग्णालयातून कोल्हापूरला यायचं तर शंभराहून अधिक किलोमीटर. तिथल्या किंवा गडहिंग्लजच्या सिस्टरला रात्री दोन वाजता फोनवर वाट दाखवणारी कुणीतरी सीपीआरमध्ये ड्युटीवर असावी. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांनी दूरच्या रुग्णालयांना तज्ज्ञ नर्सची अशी मदत व्हिडिओवरून दिली आहे, आपल्याकडे साध्या फोननेही सुरुवात होईल. आणि अशा प्रत्येक परिचारिकेच्या कामाचे तास एका वहीत मोजले जावेत, म्हणजे तीनशेचा रकाना इथेही भरायला लागेल.

बारावी झालेल्या त्या मुलीला म्हणून आज इतकंच सांगता येतं : बी.एस्सी. किंवा जीएनएम कर, नोंदणी घे, दोन वर्षं कॅज्युअल्टी किंवा लेबर रूममध्ये काढ, जमल्यास फॉरेन्सिकचा डिप्लोमा किंवा मनोरुग्ण परिचर्येत एम.एस्सी. कर, आणि पहिल्या दिवसापासून वेळ लिहायची सवय लाव. तिच्या वाट्याचं सगळं ती सहा ते आठ वर्षांत पूर्ण करेल. तेवढ्या अवधीत वैद्यकीय शिक्षण विभागाने आकृतिबंधात एक पद निर्माण करायचं आहे. दोन्हींत सोपं काम विभागाचंच आहे.